दिलेले आवाज

४ एप्रिल

पोचले एकदाची! टॅक्सीवाल्यानं डिकी उघडून माझं सामान बघितलं आणि विचारलं, बाई, भंगाराचं दुकान टाकताय का? त्याची तरी काय चूक. एका ट्रंकेत नुसते जुने बूट आणि चपला, दुसरीत गंजलेल्या बिजागऱ्या, मोडकी छत्री, चामड्याचे हातमोजे, किल्ल्यांचे जुडगे आणि मक्याच्या पिठाची पिशवी. मी म्हटलं, ही माझी नोकरी आहे. त्याला ती थट्टा वाटली. मग मी मागच्या सीटवरून त्याच्या कानाशी हातमोजे फडफडवले, तर गाडीत कबुतर शिरलं म्हणून पठ्ठ्या खाली वाकला. वाटभर मग आमची चांगलीच गट्टी जमली.

सिनेमात लोक चालतात, कप बशीवर ठेवतात, कोट काढून खुंटीला लावतात, त्यातले निम्मे आवाज खोटे असतात हे कुणाला सांगून पटत नाही. शूटिंगच्या वेळी फक्त बोलणं नीट घेतात. बाकीचं सगळं नंतर पडद्याकडे बघत माझ्यासारखी कुणीतरी करते. पिठाची पिशवी मुठीत दाबली की बर्फात पावलं पडतात, गाजर मोडलं की नायकाचं हाड मोडतं. धंद्यात मला आवाजवाली म्हणतात आणि मला ते आवडतं. माझ्या कानांचा मला जरा जास्तच गर्व आहे, पण आहे तो आहे.

हा सिनेमा एका व्हायोलिनवादकाचा. ऐकू येणं हळूहळू बंद होत जातं आणि तो त्याच्याशी झगडत जगतो. खरा वादक हयात आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात, आणि हे त्याचंच घर. गावाच्या टोकाला, चढावर. आपली गोष्ट सांगू द्यायला त्यानं एकच अट घातली म्हणे: सिनेमातले सगळे आवाज त्याच्या रियाजाच्या खोलीत तयार व्हायला हवेत. दिग्दर्शक लगेच विरघळला. असल्या अटी ऐकल्या की दिग्दर्शक मंडळींचा जीव कासावीस होतो.

खोली मात्र झकास आहे. जाड दार, लाकडी जमीन, भिंतींना आवाज शोषणारा जाड नमदा. एका बाजूला काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याची चिंचोळी कोठडी. दाराच्या वर लाल दिवा, काम चालू असलं की तो लागतो. रेकॉर्डिंगवाला दिवसातून चार शब्द बोलतो म्हणून मी त्याचं नाव मुनी ठेवलं. त्या चारांतले तीन आज त्यानं माझ्या आधीच्या माणसावर खर्च केले. तो आवाजवाला म्हणे मध्येच काम सोडून गेला, कान बिघडले म्हणत होता. मी म्हटलं, काम जमेना की सगळ्यांचे कान बिघडतात.

मास्तर उंच, शिडशिडीत, इस्त्रीच्या शर्टातले. काहीच ऐकू येत नाही, पण ओठ छान वाचतात. आवाज अगदी सपाट झालाय. मी काम करताना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसू का, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं. घर त्यांची मोठी बहीण बघते. बाई प्रेमळ, बोलक्या, हातचं राखून न वाढणाऱ्या. एकच तऱ्हा दिसली. चहाची किटली शिट्टी मारून मारून बेजार झाली तरी त्या वाफ दिसेपर्यंत तिच्याकडे टक लावून उभ्या होत्या.

संध्याकाळी घरी फोन केला. माझ्या लेकीनं, टकळीनं, फोन आजीच्या हातात जाऊच दिला नाही. दहा वर्षांची आहे, नाव काहीही असो, तोंड बंद ठेवता येत नाही म्हणून टकळी. आज तिनं माझीच नक्कल करून मला ऐकवली, ‘अगं ए बयो, किती हाका मारायच्या, जेवण गार होतंय!’ हुबेहूब. सासूबाई म्हणाल्या, काल त्या तिच्या हाकेला फसून हात धुवून पानावर येऊन बसल्या होत्या. नवरा बोटीवर, मी अशी गावोगाव, तरी घरात माझा आवाज आहे म्हणायचा. सुट्टी लागली की दोघी इकडे येणार आहेत.

६ एप्रिल

कामाला सुरुवात. आधी खोलीची शांतता घेतली. प्रत्येक खोली गप्प असली तरी तिचा म्हणून एक आवाज असतो, तो वेगळा घेऊन ठेवावा लागतो, म्हणून सगळ्यांनी श्वास आवरून बसायचं. मुनीनं यंत्राकडे बघून कपाळाला आठी घातली. इतकी शांतता बरी नव्हे, म्हणाला. मी त्याला हसले.

मास्तरांच्या बायकोचं काम करणाऱ्या नटीची पावलं आज पूर्ण केली. त्यासाठी माझे स्वतःचे तपकिरी बूट घातले. ही माझी जुनी खोड आहे. उसनी वस्तू कितीही चांगली असली तरी परकीच वाजते, आपली वस्तू कुठे दाबली की काय बोलते ते आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे मी सगळं घरूनच आणते. मग ट्रंकेतले हातमोजे फडफडवून सिनेमातली छपरावरची कबुतरं उडवली. मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. कबुतरं उडाली तशी त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं. योगायोग असेल, पण मला इतकं बरं वाटलं की दिवसभर गुणगुणत होते.

९ एप्रिल

कानाला काहीतरी झालंय. चढावर खडी आहे. पुढे चाललेल्या दूधवाल्याच्या पायाखाली ती करकरत होती, माझ्या पायाखाली नाही. थांबले, जोरानं पाय आपटला. पायाला झोंबलं, ऐकू काही आलं नाही. मागून आलेल्या पोस्टमननं, काय झालं, साप आहे का, असं विचारलं. त्याचं सगळं स्वच्छ ऐकू आलं.

छपरावरून कबुतरांचा थवा उठला तोसुद्धा चित्रातल्यासारखा मुका. सर्दी उतरली असणार. बाईंनी वाफ घ्यायला पाणी तापवून दिलं. पातेलं फरशीवर पडलं तेव्हा मी दचकले. त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

११ एप्रिल

गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कानात बत्ती मारून झाली, बटणं दाबायची परीक्षा झाली. म्हणाले, पंचविशीतल्या पोरीला लाजवतील असे कान आहेत, ताण घेऊ नका. फुकट गेला अर्धा दिवस. दुपारी किल्ल्या, छत्री आणि बिजागऱ्या उरकल्या.

एक विचित्र गोष्ट. मी मास्तरांच्या मागून व्हरांड्यात आले. ते पाठ करून बसले होते. ते वळले, हसले आणि त्यांच्या त्या सपाट आवाजात म्हणाले, डाव्या टाचेचा खिळा वर आलाय, ठोकून घ्या. बूट काढून बघितला. आलाय.

बसल्या जागी बुटाच्या टाचेतला खिळा या माणसाला कसा कळला? पावलांचे हादरे कळत असतील. बहिऱ्या माणसांना कळतात, असं म्हणतात. पण व्हरांडा फरशीचा आहे.

१२ एप्रिल

आज माझ्या निजायच्या खोलीची किल्ली हातातून पडली आणि मला पत्ताच नाही. मास्तरांनी उचलून दिली. मला काम कसं जमणार? कान गेले तर मी कोण? हे कुणालाही सांगायचं नाही, मुनीला तर नाहीच. धंद्यात ही बातमी वाऱ्यासारखी पसरेल. सिनेमा पुरा करायचा आणि मग मोठ्या शहरात मोठा डॉक्टर बघायचा.

१५ एप्रिल

आज वाईट दिवसांतला एकच चांगला दिवस.

बागेतून मुलगी वडिलांना हाका मारते, हसते, सगळं सांगत सुटते आणि वडिलांना ऐकू येत नाही, हा सिनेमातला मुख्य प्रसंग. बालनटीचा आवाज अगदी शाळेच्या स्नेहसंमेलनातला. दिग्दर्शकाचे फोनवर निरोपावर निरोप, जिवंत काहीतरी पाहिजे. माझ्या फोनमध्ये टकळीनं बोलून पाठवलेले निरोप भरपूर आहेत. शाळेत काय झालं, आजी काय म्हणाली, मध्येच खिदळणं, मध्येच ‘आई, ऐकतेस ना?’ मी ते स्पीकरवर लावले, खोलीत वाजवले आणि मुनीनं ते परत घेतले. असं केलं की आवाजाला खोलीचा अंगरखा चढतो. यात नवीन काही नाही, आम्ही नेहमीच करतो.

मास्तर ओक्साबोक्शी रडले. मलाही भरून आलं. बाई चहा घेऊन दारात आल्या, स्पीकर बघितला, माझा फोन बघितला आणि विचारलं, कुणाचा आवाज आहे हा? माझ्या मुलीचा, असं मी कौतुकानं सांगितलं. त्यांच्या हातातला ट्रे कलंडला, सगळा चहा जमिनीवर. तशाच माघारी गेल्या. फडकं घेऊन पुसायलासुद्धा परत आल्या नाहीत.

१६ एप्रिल

फोन केला. उचलला. पलीकडे कुणीच बोलेना. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग सासूबाईंचा आवाज आला, अगं, पोर केव्हाची घसा फोडतेय, तू उत्तर का देत नाहीस? मी म्हटलं, द्या तिच्याकडे. पुन्हा काही नाही. म्हणजे घरातला पंखा ऐकू येतोय, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतोय, आणि मधोमध भोक पडल्यासारखं.

तिचे जुने निरोप लावले. त्यात सासूबाई रागावतात, भांडं पडतं, कुत्रा भुंकतो. टकळी नाही.

पुन्हा लावले. रात्र होईपर्यंत तेच केलं. नाही.

१७ एप्रिल

स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि बाईंना म्हटलं, सांगितल्याशिवाय सोडणार नाही. त्या किटलीवरची नजर न काढता बोलल्या. मास्तरांचे कान गेले तेव्हा ते दिवसदिवस त्या खोलीत बसून असत. एकदा बाईंनी नुसतं लाडानं किटली आणि दोनचार भांडी तिथे नेली आणि धाकट्या भावापुढे वाजवली, हाताला तरी कळेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मास्तर आतल्या खोलीतून ओरडले, ताई, पाणी उकळलं! त्या आनंदानं नाचल्या. आपल्याला किटली ऐकू येत नाही हे त्यांना आठवड्यानं कळलं.

त्या खोलीत जो आवाज आणून देईल, त्याचा तो जातो आणि मास्तरांना मिळतो. एवढंच.

नंतर त्यांनी जाणूनबुजून दिलं. दारं, झाडू, शिवणयंत्र, पाऊस. आईच्या माघारी मीच वाढवलंय त्याला, म्हणाल्या, आणि त्यात काही दुःख नाही म्हणाल्या. माझ्या आधीचा माणूस आगगाडी देऊन बसला आणि रुळावर मरता मरता वाचला, तेव्हा पळाला. मी किंचाळले, मला का नाही सांगितलंत? त्यांनी विचारलं, सांगितलं असतं तर तुम्ही राहिला असता का?

मग हलक्या आवाजात, ‘बूट, किल्ल्या दिल्यात ते ठीक होतं हो. पण पोरीचा आवाज कुणी देतं का?’

मला माहीत होतं का? मी मुद्दाम दिला का?

१८ एप्रिल

मुनीला सगळं रेकॉर्डिंग पुसायला लावलं. एकूण एक. माझ्यासमोर पुसलं. खडीवर जाऊन चालून बघितलं — नाही. निरोप लावला — नाही.

मुनीनं मला वेड्यात काढलं नाही, याचीच भीती वाटली. तो म्हणाला, परवा खोलीत त्याला ठसका लागला होता, तेव्हापासून त्याला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. दुपारच्या बसनं तो गेला. यंत्र इथेच आहे. चालव म्हणाला, किंवा आग लाव.

सासूबाईंना लिहून कळवलं, सुट्टीत येऊ नका, मीच येते. येते म्हणजे काय करणार आहे? तिच्यासमोर बसून तिचं तोंड हललेलं बघणार?

१९ एप्रिल

मास्तरांपुढे गेले. हात जोडले. परत द्या म्हटलं.

आता त्यांच्या आवाजाला चढउतार आलाय. परत कसं देतात ते खरंच माहीत नाही, असं म्हणाले. खोटं बोलत नव्हते, तेच वाईट. म्हणाले, तुमची मुलगी विनोद सांगायच्या आधीच हसते. ‘स’ म्हणताना जीभ जराशी अडकते. खरं आहे — मला आठवतं — आठवतं म्हणजे माहीत आहे, ऐकू येत नाही. त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला. आणि मग ते व्हायोलिन काढून तारा नुसत्या चाचपत बसले, अंधारात चपला शोधाव्यात तसे; तो आवाज त्यांना अजून कुणी दिलेला नाही. मला त्यांची दयाही आली. मला माझाच राग येतोय.

उठताना त्यांनी अदबीनं मागणं मागितलं. पुष्कळ मिळालं, आता एकच हवं. आई हाक मारते ती. त्यांची आई लहानपणीच गेली, ताईंनी कधी आईसारखी हाक मारली नाही. तुम्ही एकदा खोलीत या, म्हणाले, मुलीला मारता तशी एकच हाक.

मी नाही म्हटलं. मेले तरी नाही.

२१ एप्रिल

ट्रंका बांधून तयार. उद्या सकाळी निघायचं. तेवढ्यात सासूबाईंचा निरोप: तू फोनवर बोलत नाहीस, पोर धड जेवत नाही, आई माझ्यावर रागावली म्हणून रडते. आम्ही निघालो.

नका येऊ, असं लिहिलं. पुन्हा लिहिलं. त्यांनी बघितलंच नाही —

माझ्या गप्प बसण्यानंच त्या येतायत. उद्या स्टँडवरच गाठते आणि तशीच परत फिरवते. या घराची पायरीसुद्धा चढू द्यायची नाही.

२२ एप्रिल

स्टँडवर बसून लिहितेय. ही वही बरोबर घेतलीय. टकळीचं बोलणं आता मला वाचायचंच आहे, तेव्हा ती यात लिहील आणि मी बोलेन. तिला गंमत वाटेल. मुलांना काय, खेळ वाटतो. मी सांगेन, आईच्या कानात जरा —

बस आली. त्यात नाहीत.

दुसरीतही नाहीत.

ओळखीचा टॅक्सीवाला. हसला. म्हणाला, आजीबाई आणि नात ना? स्टेशनवरून आणून सोडल्या की वर, केव्हाच. काय बडबडी पोर आहे हो —

•

घरी. सासूबाई स्वयंपाकघरात चहा पितायत. विचारलं, टकळी कुठाय? म्हणाल्या, त्या मास्तरांशी काय गट्टी जमली! सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. मीच म्हटलं, आईची करून दाखव. खोलीत नेलंय तिला.

बाई किटलीकडे बघतायत. वर बघत नाहीत.

लाल दिवा लागलाय. दाराला आतून कडी. धक्के मारले. खांदा मोडेल माझा. सासूबाईंना वाटतंय मला वेड लागलं.

मी मुनीच्या कोठडीत आहे. टकळी काचेतून दिसतेय. एक हात कमरेवर. मान तिरकी. मी उभी राहते तशी. माझी नक्कल —

काचेवर मुठी मारल्या. तिनं बघितलं आणि हात हलवला. हसतेय. तिला वाटतंय मी टाळ्या —

यंत्राचा काटा हलतोय. मला काही ऐकू येत नाही. वायर उपटली. काटा पडला. मास्तर तसेच. डोळे मिटून. मान डोलावतायत. यंत्र कधी लागतच नव्हतं —

खुर्ची घातली काचेवर. तडासुद्धा नाही.

तोंड मोठं उघडलं तिनं. ओळखते मी ते. अगं ए बयो. किती हाका. जेवण गार —

मास्तरांनी डोळे उघडले. किती छान हसले.

दिवा गेला.

दार उघडलं. आली पळत. कमरेला मिठी. अंगाला तोच शाळेच्या दप्तराचा वास. मी बोलतेय. बाळा, चल, घरी चल. बोलतेय मी, घशाला हात लावून बघितला, आवाज निघतोय. सासूबाई म्हणतायत, हळू बोल, किती ओरडतेस —

ती माझ्या तोंडाकडे बघतेय. नुसती बघतेय. सासूबाईंनी काही विचारलं, त्यांना तिनं मान हलवून उत्तर दिलं. पुन्हा माझ्या तोंडाकडे.

पेन मागतेय. घे. लिही. इथे लिही, बाळा —

आई तू नुसतं तोंड का हलवतेस? आजीचं ऐकू येतंय मला. मास्तर आजोबांचं पण येतंय. फक्त तुझं नाही येत. रागावलीस का? मी तुझी नक्कल केली म्हणून? परत नाही करणार. एकदाच मोठ्याने हाक मार ना, मी लगेच